डोळ्यातून पाणी येतंय: पापणी आणि अश्रूमार्ग तपासण्याचा क्रम

ओपीडीत ‘डोळ्यातून पाणी येतं’ असं सांगणारे पेशंट रोज येतात. त्यातल्या एकाचा अश्रूमार्ग तुंबलेला असतो, दुसऱ्याची खालची पापणी बाहेर उलटलेली असते, तिसऱ्याचे पापणीचे केस आत वळून कॉर्नियाला (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला) घासत असतात. चौथ्याचा डोळा मुळात कोरडा असतो आणि त्या चुरचुरीनेच पाण्याची धार लागते. तक्रार एक असली तरी उपचार चार वेगवेगळे. हे वेगळे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक), फ्लुरेसिन या पिवळ्या रंगाची पट्टी आणि अश्रू मोजायचा शिर्मरचा कागद एवढ्यावर काम होतं. लागतो तो क्रम. डोळ्याला हात लागला की अश्रू बदलतात, थेंब टाकला की पुढच्या चाचणीचं वाचन बदलतं. म्हणून आधी सगळं बघून घ्यायचं, मोजायचं, मग हात लावायचा. ओपीडीत डोळे तपासायला शिकणाऱ्यांसाठी हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. शरीररचना सुरुवातीला आहे, पण ती पाठांतरासाठी नाही. पुढे काय बिघडतं ते तिच्यावरूनच कळतं.

पापणीचे थर

पापणी दोन पदरांची समजा. पुढच्या पदरात त्वचा आणि ऑर्बिक्युलॅरिस स्नायू, मागच्या पदरात टार्सल प्लेट (पापणीला ताठ ठेवणारी पट्टी) आणि कंजंक्टायव्हा (पापणीचं आतलं ओलसर अस्तर). पापणीच्या कडेवर या दोन पदरांच्या सांध्याची एक करडी रेघ दिसते, तिला ग्रे लाइन म्हणतात. पापणीचे केस या रेघेच्या पुढे उगवतात आणि मायबोमियन या तेलग्रंथींची तोंडं रेघेच्या मागे उघडतात. स्लिट लॅम्पवर पहिल्याच आठवड्यात ही रेघ शोधायला शिका. ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेची सूज, पुढचा की मागचा हे तिच्यावरूनच ठरतं.

पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम १ मिमीहून कमी. खाली चरबी जवळजवळ नाही, विरळ ऊती आहेत. त्यामुळे मधमाशी चावली किंवा मार लागला की पापणी बघता बघता फुगते. त्याखालचा ऑर्बिक्युलॅरिस डोळा मिटतो, आणि त्याला सातवी क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून निघणारी नस) चालवते. डोळा उघडणारा मुख्य स्नायू लिव्हेटर, तो तिसऱ्या नर्व्हचा. लिव्हेटरच्या खाली म्युलर स्नायू असतो. तो सिंपथेटिक नसांवर चालतो आणि पापणी साधारण २ मिमी उचलून धरतो. या तीन ओळी पक्क्या असल्या की अर्ध निदान झालं: डोळा मिटत नसेल तर सातवी, पापणी खूप पडली असेल तर तिसरी, थोडीच पडली असेल आणि बाहुलीही लहान असेल तर सिंपथेटिक.

टार्सल प्लेट वरच्या पापणीत मधोमध १० ते १२ मिमी उंच, खालच्या पापणीत फक्त ४ ते ५ मिमी. वरची पापणी सहज उलटते आणि उलटी राहते ती या उंचीमुळे. प्लेटच्या आतच मायबोमियन ग्रंथी उभ्या रचलेल्या असतात, वर साधारण ३० ते ४०, खाली २० ते ३०. यांचं पहिलं नीट वर्णन जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ मध्ये केलं. केसांच्या मुळाशी झाइस या तेलग्रंथी आणि मोल या बदललेल्या घामाच्या ग्रंथी असतात.

ऑर्बिटल सेप्टम हा पातळ पडदा हाडाच्या कडेपासून पापणीत उतरतो. परीक्षेत त्यावर अर्धा गुण असेल, ओपीडीत मात्र त्याला फार मोल आहे. पडद्याच्या पुढचं इन्फेक्शन पापणीपुरतं राहतं. तेच मागे गेलं तर डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून मेंदूपर्यंत जाऊ शकतं. पापणी लाल, सुजलेली, गरम आहे असा पेशंट आला की चार गोष्टी विचारायच्या आणि बघायच्या: डोळा फिरवताना दुखतं का, डोळा पुढे आलाय का, हालचाल कमी झालीय का, दृष्टी किंवा रंग फिके झालेत का. यातलं एकही ‘हो’ असेल तर त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या. लहान मुलांत तर अजिबात थांबू नका.

अश्रू कुठे तयार होतात, कुठे जातात

मुख्य अश्रूग्रंथी खोबणीच्या वरच्या, कानाकडच्या कोपऱ्यात असते. लिव्हेटरचा चपटा पडदा तिचे दोन भाग करतो, आणि तिच्या दहा-बारा नळ्या वरच्या फॉर्निक्समध्ये (पापणी आणि डोळा यांच्यामधल्या खाचेत) उघडतात. क्राउझे आणि वोल्फ्रिंग या छोट्या ग्रंथी कंजंक्टायव्हात विखुरलेल्या असतात. गॉब्लेट पेशी म्युसिन हा चिकट पदार्थ देतात, मायबोमियन ग्रंथी तेल देतात. या सगळ्यांचा मिळून डोळ्यावर जो थर बनतो त्या अश्रूपटलाची एकूण जाडी सुमारे ३ मायक्रॉन. डोळ्यात एका वेळी जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. आयड्रॉपच्या बाटलीतला एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे दोन थेंब टाकले तरी दुसरा गालावरच जातो. पेशंटला हे सांगाच. औषध वाया जाणं थांबतं.

निचऱ्याचा रस्ता असा: वरचा आणि खालचा पंक्टम, प्रत्येकी साधारण ०.३ मिमीचं छिद्र, नाकाकडच्या कोपऱ्यापासून सुमारे ६ मिमीवर. तिथून नळी २ मिमी सरळ उभी जाते, मग काटकोनात वळून सुमारे ८ मिमी आडवी जाते. बहुतेकांत वरची आणि खालची नळी एकत्र येऊन एकच नळी सॅकमध्ये (अश्रूंच्या पिशवीत) शिरते. सॅक १० ते १२ मिमीची, तिच्याखाली नाकात जाणारी नेझोलॅक्रिमल डक्ट १२ ते १८ मिमीची, आणि ती नाकाच्या खालच्या मिएटसमध्ये (खोबणीत) उघडते. तिथल्या तोंडावर हॅस्नरची झडप असते. उभे २, आडवे ८ हे आकडे सिरिंजिंगच्या वेळी, म्हणजे या रस्त्यात सिरिंजने पाणी सोडताना, हातात असावे लागतात.

अश्रू नुसते ओघळून नाकात जात नाहीत. प्रत्येक उघडझापीला ऑर्बिक्युलॅरिस नळ्या आणि सॅक दाबतो, सोडतो आणि अश्रू पुढे ढकलतो. म्हणूनच चेहऱ्याच्या अर्धांगात नळी पूर्ण मोकळी असूनही पाणी गळतं.

पायरी १: ऐकणं आणि लांबून बघणं

पेशंट बोलत असतानाच त्याच्या पापण्या बघा. तेव्हा तो सहज उघडझाप करत असतो; ‘आता डोळे मिचकावा’ म्हटलं की सगळं बदलतं. साधारण मिनिटाला १२ ते १५ उघडझापी होतात. स्क्रीनसमोर त्या कमी होतातच, पण अर्धवटही होतात. वरची पापणी खालीपर्यंत टेकत नाही आणि कॉर्नियाचा खालचा पट्टा कोरडा राहतो.

विचारायचं ते थेट. पाणी गालावर ओघळतं की नुसतं डोळ्यात तरळतं? एका डोळ्यातून की दोन्ही? वाऱ्यात, गाडीवर, एसीत वाढतं का? वाळू गेल्यासारखं खुपतं का? सकाळी चिपडं येऊन पापण्या चिकटतात का? सकाळी जास्त त्रास असेल तर पापणीच्या कडेचा आजार आठवा, संध्याकाळी वाढत असेल तर अश्रू कमी पडतायत का ते बघा. गोळ्या विचारा: सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, नैराश्यावरची काही औषधं डोळे कोरडे करतात. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं चालू असतील तर त्यातलं प्रिझर्व्हेटिव्हही करतं. तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का, हे कोरड्या डोळ्याच्या प्रत्येक मध्यमवयीन बाईला विचारा. १९३३ मध्ये हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने वर्णन केलेला, डोळे आणि तोंड कोरडे पाडणारा आजार असाच बोलता बोलता सापडतो.

काजळ आणि सुरमा यांबद्दल वेगळं विचारावं लागतं, कारण त्याला कोणी ‘डोळ्यात काही घालणं’ समजत नाही. पापणीच्या आतल्या कडेवर रोज काजळ ओढलं की मायबोमियन ग्रंथींची तोंडं बुजतात. काही सुरम्यांत शिसं असतं, तेव्हा बाळाच्या डोळ्यात तर तो नकोच.

लक्षणं आकड्यात धरायला ओएसडीआय ही १२ प्रश्नांची प्रश्नावली वापरा. मिळालेल्या गुणांची बेरीज गुणिले २५, भागिले उत्तर दिलेल्या प्रश्नांची संख्या. १३ किंवा जास्त आले तर कोरड्या डोळ्याची शंका धरून पुढे जा.

पायरी २: पट्टी लावून मोजमाप

पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीत बसा. टॉर्च समोरून धरा. बाहुलीच्या मध्यावर पडलेल्या प्रकाशबिंदूपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे एमआरडी-१. ते सर्वसाधारण ४ ते ५ मिमी असतं. खालच्या कडेपर्यंतचं अंतर एमआरडी-२, सुमारे ५ मिमी. वरची पापणी कॉर्नियाला वरून एक-दोन मिमी झाकते, खालची लिंबसला (कॉर्नियाच्या कडेला) टेकते. वरच्या बाजूला पांढरं दिसत असेल तर पापणी ओढली गेली आहे. प्रौढांत याचं सर्वांत नेहमीचं कारण थायरॉइडचा डोळ्यावरचा परिणाम. पेशंटला बोटामागे हळूहळू खाली बघायला लावा. पापणी डोळ्याच्या मागे रेंगाळली तर शंका पक्की होते.

लिव्हेटरची ताकद मोजताना चूक एकाच जागी होते: भुवई मोकळी सोडली जाते. कपाळाचा स्नायू पापणी उचलतो आणि वाचन खोटं वाढतं. अंगठ्याने भुवई हाडावर घट्ट दाबा, पेशंटला खाली बघायला सांगा, पट्टीचा शून्य पापणीच्या कडेवर लावा, मग डोकं न हलवता वर बघायला सांगा. १५ मिमी किंवा जास्त म्हणजे उत्तम, ८ च्या वर चालण्यासारखं, ४ किंवा कमी म्हणजे वाईट.

आता पापणी पडण्याचे प्रकार या आकड्यांवर बसवा. म्हातारपणी किंवा वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांत लिव्हेटरचा पडदा प्लेटवरून सुटतो. ताकद चांगली असते, पण पापणीची घडी वर सरकलेली असते. जन्मजात प्रकारात स्नायूच नीट बनलेला नसतो. ताकद कमी, घडी पुसट, आणि खाली बघताना तीच पापणी दुसरीपेक्षा वर राहते, कारण तो स्नायू नीट सैलही होत नाही. मुलाच्या बाहुलीवर पापणी येत असेल तर आळशी डोळ्याचा धोका असतो. तेव्हा पापणीइतकंच रिफ्रॅक्शन (चष्म्याचा नंबर तपासणं) महत्त्वाचं, कारण पापणीच्या दाबाने अ‍ॅस्टिग्मॅटिझमही (आडवा-तिरपा नंबर) येतो.

एका डोळ्याची पापणी पडलेली आणि दुसऱ्याची वर ताणलेली दिसली तर पडलेली पापणी बोटाने उचलून धरा. काही क्षणांत ‘चांगली’ पापणी खाली येते का बघा. दोन्ही लिव्हेटरना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. पडलेली उचलण्यासाठी दिलेला जादा जोर चांगलीलाही मिळत असतो, आणि गरज संपली की तो कमी होतो. पुष्कळदा दोन्ही पापण्या पडलेल्या असतात आणि आपण एकच मोजून मोकळे होतो, ते इथे पकडलं जातं.

पापणी दिवसभरात कमीजास्त पडते असं कोणी सांगितलं तर एक-दोन मिनिटं वर बघत राहायला लावा. ती खाली सरकत गेली तर मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार, आठवा. मिटलेल्या पापणीवर २ मिनिटं बर्फाची पिशवी ठेवून पुन्हा एमआरडी-१ मोजा. २ मिमी किंवा जास्त सुधारणा म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह. अशा पेशंटला गिळायला किंवा श्वासाला त्रास होतो का हे विचारल्याशिवाय सोडू नका.

आणि हे पाठ करा: पडलेल्या पापणीसोबत बाहुली मोठी असेल, डोळा बाहेर-खाली वळलेला असेल तर ती तिसऱ्या नर्व्हची इजा आहे, मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा नर्व्हवर दाबत असू शकतो. लहान बाहुली, पापणी १-२ मिमी पडलेली आणि मान किंवा चेहरा दुखतोय, तर मानेतल्या कॅरोटिड धमनीचा पापुद्रा फाटलेला असू शकतो. दोन्हींत त्याच दिवशी, चष्म्याचा नंबर न काढता, मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं. बाहुल्या म्हणूनच औषधाने मोठ्या करण्याआधी बघायच्या. एकदा बाहुली मोठी करणारं ट्रॉपिकामाइड पडलं की तो पुरावा काही तासांसाठी गेला.

पायरी ३: मिटून बघा, ओढून बघा

पेशंटला झोपेत मिटतो तसे डोळे हलकेच मिटायला सांगा आणि खालून टॉर्च मारा. फट राहिली तर ती मिमीत लिहा. मग घट्ट मिटायला सांगून पापण्या हळूच उघडायचा प्रयत्न करा. डोळा वर फिरतोय का बघा. हे बेल्स फेनॉमेनन. ते चांगलं असेल तर फट असूनही कॉर्निया बराच वाचतो.

फट दिसली की कापसाच्या टोकाची बारीक वात काढून कॉर्नियाची संवेदना तपासा, आणि ते कुठलाही थेंब टाकण्याआधी. कुष्ठरोगात सातवी आणि (कॉर्नियाची संवेदना नेणारी) पाचवी दोन्ही नर्व्ह जाऊ शकतात. डोळा मिटत नाही आणि खुपतंय हेही कळत नाही. त्यामुळे जखम चिघळेपर्यंत पेशंट येतच नाही. चंद्रपूर-गडचिरोली भागात इंटर्नशिप करणाऱ्यांना असे डोळे बघायला मिळतील. भुवयांचे आणि पापण्यांचे केस गळालेले दिसले की त्वचेवरचे बधिर चट्टे विचारा.

न मिटणाऱ्या डोळ्याला दिवसा कृत्रिम अश्रू, रात्री मलम आणि टेप. टेप चुकीची लावली तर ती न लावण्यापेक्षा वाईट. आधी बोटाने वरची पापणी पूर्ण खाली आणा, त्वचा कोरडी पुसा, आणि मगच मायक्रोपोर ही कागदी टेप तिरकी लावा. अर्धवट उघड्या डोळ्यावर टेप लागली तर कागदच रात्रभर कॉर्नियाला घासतो. नातेवाइकांकडून एकदा समोर लावून घ्या.

खालची पापणी सैल आहे का हे दोन प्रकारे बघतात. ती चिमटीत धरून डोळ्यापासून पुढे ओढा. ६ मिमीहून जास्त आली तर सैल. मग खाली ओढून सोडा आणि उघडझाप करू देऊ नका. ती लगेच जागेवर यायला हवी. उघडझाप केल्यावरच येत असेल तर सैल. अशी पापणी काहींत बाहेर उलटते, पंक्टम हवेत राहतो, आणि पेशंट रुमालाने बाहेरच्या दिशेने पुसून पुसून ती आणखी ओढतो. पुसायचं ते वर आणि नाकाकडे, हे सांगा. काहींत ती आत वळते. आत्ता सरळ दिसली तरी डोळे घट्ट मिटून उघडायला लावा, वळायची असेल तर वळेल.

वरची पापणी आत वळलेली दिसली तर ती उलटून पांढरे व्रण शोधा. भारतात खुपरी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं, पण लहानपणी खुपरी झालेल्या आजी-आजोबांच्या पापण्यांवरचे व्रण आणि आत वळलेले केस अजून आहेतच. केस उपटून तात्पुरता आराम पडतो; चार-सहा आठवड्यांत ते पुन्हा येतात, आणि अर्धवट तुटलेला आखूड केस जास्त टोचतो.

पायरी ४: स्लिट लॅम्पवर पापणीची कड

१० पट मोठं करून केसांच्या मुळाशी बघा, नजर खाली ठेवायला सांगा. कडक, ठिसूळ खपल्या काढल्यावर बारीक रक्त येत असेल तर स्टॅफिलोकोकसचा ब्लेफरायटिस. तेलकट, मऊ कोंडा आणि केस एकमेकांना चिकटलेले असतील तर सेबोरिक. डोक्यातही कोंडा सापडेल. केसाच्या बुंध्याभोवती नळीसारखं अर्धपारदर्शक वेष्टण दिसलं तर डेमोडेक्स हा सूक्ष्म किडा. त्यासाठी इंटरनेटवर वाचून कोणी शुद्ध टी-ट्री तेल पापणीला लावत असेल तर थांबवा, ते कॉर्निया भाजतं.

मग ग्रे लाइनच्या मागे या. ग्रंथींच्या तोंडावर तेलाची टोपी, कडेवर फुगलेल्या रक्तवाहिन्या, अश्रूंच्या काठावर साबणासारखा फेस, ही मायबोमियन बिघाडाची चिन्हं. खालच्या पापणीच्या मधल्या भागावर बोटाने किंवा कॉटन बडने हलका दाब द्या. दाब सगळ्या बघण्याच्या शेवटी, पायरी ५ मधलं अश्रूपटलाचं वाचन झाल्यावर द्यायचा हे विसरू नका, कारण पिळलेलं तेल अश्रूपटलात मिसळतं आणि पुढचं वाचन सुधारून दाखवतं. चांगलं तेल तापवलेल्या तुपासारखं पातळ आणि स्वच्छ असतं. बिघडलं की गढूळ होतं, मग रवाळ, शेवटी टूथपेस्टसारखी वळी येते.

शेक द्यायला सगळेच सांगतात, पण तो कसा हे क्वचित. टॉवेल ४० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात भिजवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून सोसतो का बघा. मिटलेल्या डोळ्यांवर एकूण १० मिनिटं, पण टॉवेल दोन मिनिटांत थंड पडतो, तेव्हा सतत बदलायचा. लगेच वरच्या पापणीला वरून खाली, खालच्या पापणीला खालून वर, असं केसांच्या दिशेने बोट फिरवायचं. मग कड ओल्या वाइपने पुसायची. दिवसातून दोनदा, निदान महिनाभर. आठवड्यात गुण येत नाही म्हणून सोडणारे फार. डोळा चोळायचा नाही, गरम शेकानंतर तर नाहीच, आणि केराटोकोनसच्या (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराच्या) पेशंटला मालिश सांगूच नका.

रांजणवाडी म्हणजे केसाच्या मुळाशी झालेला ठणकणारा पू, कॅलॅझियन म्हणजे मायबोमियन ग्रंथीत साठलेल्या तेलाची न दुखणारी गाठ. दोन्हींना आधी शेक. रांजणवाडीवर लवंग उगाळून लावतात; ती डोळ्यात गेली तर कॉर्निया भाजतो, म्हणून नको. पिळून पू काढणंही नको.

उतारवयातल्या माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा कॅलॅझियन होत असेल, गाठ पिवळट असेल, तिच्यावरचे केस गळाले असतील, किंवा एकाच डोळ्याचा ब्लेफरायटिस महिनोन्महिने औषधाला दाद देत नसेल, तर तो सेबेशियस ग्रंथीचा कर्करोग असू शकतो. पाश्चात्त्य देशांत तो दुर्मीळ, भारतात पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा मोठा आहे. परदेशी पुस्तकात त्याला एक परिच्छेद मिळतो म्हणून इथे तो विसरू नका. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे.

पायरी ५: रंग आणि कागद

फ्लुरेसिनची पट्टी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनच्या एका थेंबाने ओली करा आणि जादा पाणी झटका. न झटकलेली पट्टी अश्रूंचं प्रमाणच बदलून टाकते. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला, कानाकडे, हलकेच टेकवा. भूल देणारा थेंब आधी टाकायचा नाही. सॉफ्ट लेन्स काढून ठेवलेली हवी, नाहीतर ती कायमची पिवळी होते.

तीन उघडझापी, मग डोळा उघडा. पापणी बोटांनी धरू नका. निळा प्रकाश, पुढे पिवळा फिल्टर. शेवटच्या उघडझापीपासून पहिला काळा ठिपका किंवा रेघ दिसेपर्यंतचे सेकंद मोजा. तीन वेळा करून सरासरी घ्या. हा ठिपका म्हणजे अश्रूपटल तुटल्याची जागा. १० सेकंदांच्या आत तुटलं तर पटल अस्थिर. प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी तुटत असेल तर दोष अश्रूंत नसून तिथल्या कॉर्नियाच्या पृष्ठभागात आहे.

दोन-तीन मिनिटांत कॉर्नियावर फ्लुरेसिनचे डाग बघा. डाग कुठे आहेत यावरून कारण कळतं. उघड्या पट्ट्यात असतील तर कोरडेपणा. खालच्या तृतीयांशात असतील तर अर्धवट मिटणं किंवा ब्लेफरायटिस. वरच्या भागात उभे ओरखडे असतील तर वरच्या पापणीखाली कण आहे. पापणी उलटा, कड सोडून साधारण २ मिमी आत जी खाच असते, तिथेच तो बहुतेकदा बसलेला असतो. उलटायला पेशंटला खाली बघायला लावा, केस धरून पापणी खाली-पुढे ओढा, कॉटन बड कडेपासून १० मिमी वर टेकवा आणि पापणी त्यावर दुमडा. डोळा फुटल्याची शंका असेल तर पापणीला हातच लावायचा नाही, कडक शील्ड लावून पाठवायचं.

शिर्मरची चाचणी ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये मांडली. कागद ५ मिमी रुंद, ३५ मिमी लांब, टोकाला ५ मिमीवर दुमडलेला. पंखा बंद करा, एसीचा झोत वळवा, टॉर्च डोळ्यावर नको. खालच्या पापणीच्या मधल्या आणि कानाकडच्या तृतीयांशाच्या सांध्यावर अडकवा. मधोमध लावला तर कॉर्नियाला टोचतो आणि पाण्याची धार लागते. ५ मिनिटांनी घडीपासून ओलावा मोजा. भूल न देता १० मिमीपेक्षा कमी म्हणजे शंका, ५ किंवा कमी म्हणजे अश्रू खरोखर कमी. हा आकडा दर वेळी हलतो, तेव्हा एकाच वाचनावर निदान लिहू नका. फ्लुरेसिननंतर लगेच केलेला शिर्मरही नको. दुसऱ्या दिवशी बोलवा, किंवा निदान बराच वेळ जाऊ द्या.

पायरी ६: निचरा

दोन्ही डोळ्यांत २ टक्के फ्लुरेसिनचा एकेक थेंब टाका, ५ मिनिटं थांबा, निळ्या प्रकाशात दोन्हींची तुलना करा. एका डोळ्यात पिवळा काठ तसाच राहिला तर तिकडचा निचरा अडला आहे. लहान मुलांत हीच चाचणी उत्तम, काही टोचावं लागत नाही.

मग नाकाच्या हाडाच्या कडेवर, कोपऱ्याच्या जरा खाली, सॅकवर बोट दाबा आणि पंक्टमकडे बघा. पू किंवा चिकट पाणी उलट आलं तर सॅकखाली अडथळा आणि आत इन्फेक्शन. मोतीबिंदूच्या शिबिरात हे पाच सेकंदांचं दाबणं कधीच वगळू नका. पुवाची सॅक राहून गेली आणि शस्त्रक्रिया झाली तर डोळ्याच्या आत जंतू जाऊ शकतात. सॅकची जागा लाल, ठणकणारी, सुजलेली असेल तर दाबू नका आणि सिरिंजिंगही नाही. सूज कोपऱ्यातल्या टेंडनच्या वर असेल किंवा अश्रूंत रक्त असेल तर गाठीची शंका धरून पाठवा.

सिरिंजिंग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच शिकायचं. भूल देणारं प्रोपॅराकेन ०.५ टक्के टाका. पंक्टम डायलेटरने रुंद करा, मग सलाइन भरलेल्या २ मिलिच्या सिरिंजवर २६ किंवा २७ गेजची बोथट कॅन्युला (सुईसारखी बारीक नळी) घ्या. २ मिमी सरळ उभी आत घाला, पापणी कानाकडे ताणून धरा, आणि आडवी वळवून पुढे न्या. पापणी ताणली नाही तर नळीला घडी पडते आणि कॅन्युला खोटी वाट पाडते. हाडावर ठक्क असं टेकलं तर तुम्ही सॅकपर्यंत पोचलात. मऊ, रबरासारखं अडलं आणि कोपरा सोबत ओढला जातोय, तर अडथळा नळीतच आहे. मऊ अडथळा आणि पाणी त्याच पंक्टममधून परत आलं, तर तीच नळी बंद. मऊ अडथळा आणि स्वच्छ पाणी दुसऱ्या पंक्टममधून आलं, तर दोन्हींची सामाईक नळी बंद. हाडावर टेकूनही वरून चिकट पाणी आलं, तर खालची डक्ट. घशात खारट लागलं तर रस्ता मोकळा, पण पाणी जोराने ढकलल्यावर गेलं एवढंच त्यावरून सिद्ध होतं. पंप सैल असेल तर मोकळ्या रस्त्यातूनही गळतं. डक्ट बंद असली तर सॅकला नाकात नवी वाट करून देतात, ती डीसीआर. बाहेरून करायची पद्धत इटलीच्या टोटी यांनी १९०४ मध्ये दाखवली.

बाळाच्या डोळ्यातून जन्मापासून पाणी आणि चिपडं असतील तर बहुतेकदा हॅस्नरची झडप उघडलेली नसते. आईला मालिश शिकवा: नखं कापलेलं बोट कोपऱ्यावर ठेवून घट्ट दाबत नाकाच्या कडेने खाली आणायचं, १० वेळा, दिवसातून ४ वेळा. नुसतं कुरवाळून झडप उघडत नाही, दाब लागतो. बहुतेक बाळांत वर्षाच्या आत रस्ता मोकळा होतो. नाही झाला तर प्रोबिंग, म्हणजे बारीक सळई घालून रस्ता उघडणं. पण पाणी येणाऱ्या प्रत्येक बाळाचा कॉर्निया नीट बघा. उजेडाला डोळे घट्ट मिटतं, कॉर्निया धूसर आहे, किंवा वर्षाच्या आतल्या बाळाचा कॉर्निया १२ मिमीहून मोठा आहे, तर तो जन्मजात काचबिंदू आहे असं धरून त्याच दिवशी पाठवा. मालिश करत बसण्यात त्याची दृष्टी जाते.

कागदावर काय उतरायचं

दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगळे, ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने, वेळेसकट. ‘कोरडा डोळा, थेंब दिले’ असं लिहिलं तर पुढच्याला काहीच कळत नाही. असं लिहा: ‘उजवा: एमआरडी-१ ४ मिमी, मिटताना फट नाही, खालची पापणी ५ मिमी ओढली जाते, कडेवर फेस, पटल ६, ५, ६ सेकंदांत तुटलं, डाग खालच्या तृतीयांशात, तेल रवाळ, सॅकवर दाब: काही नाही. शिर्मर उद्या.’ कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागणार असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, हेही तिथेच लिहा. पाठवायचा पेशंट असेल तर ‘त्याच तासाला’, ‘त्याच दिवशी’ की ‘दोन आठवड्यांत’ हे चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत यायला हवं, मोजमापांच्या आधी.